मुंबईत नाइटक्लबसाठी जागा शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाडे ठरले, मालक राजी आहे, ब्रोकर टोकनसाठी घाई करतोय, आणि मग प्रश्न येतात. खरे तर ते त्याच्या महिनाभर आधी यायला हवेत. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे : आधी इमारतीचे कागद, मग तिचे जिने आणि दारे, आणि शेवटी भाडे. खालची उत्तरे मुख्यतः मुंबई महापालिका हद्दीसाठी आहेत. पुण्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

१. ‘नाइटक्लब’ असा वेगळा परवाना मिळतो का? जागा बघताना तो कसा धरायचा?

या नावाचा एकच परवाना मिळत नाही. एकाच जागेवर तीन-चार परवानग्या येऊन बसतात तेव्हा नाइटक्लब उभा राहतो. खाण्यापिण्यासाठी महापालिका अधिनियमाच्या कलम ३९४ खालील आरोग्य परवाना आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना लागतो. मद्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-३, म्हणजे परमिट रूम. डीजे, नाच, लाइव्ह संगीत यांसाठी पोलीस आयुक्तालयाचा सार्वजनिक करमणुकीचा परवाना. या सगळ्यांच्या पायाशी अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र असते.

जागा शोधणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की हे परवाने जागेला आणि तिच्या नकाशाला बांधलेले असतात. एकाच बाबतीत जागा नापास झाली तरी उरलेल्या परवान्यांचा उपयोग नाही. फक्त बिअर-वाइन विकायची असेल तर वेगळा, स्वस्त परवाना आहे, पण त्यावर नाइटक्लबचा खर्च निघत नाही.

२. २०० लोकांसाठी किती चौरस फूट लागतात?

कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, साधारण ३,००० ते ३,३०० चौरस फूट. हिशेब असा : स्वयंपाकघर, बारची मागची बाजू, मद्याचे कोठार, स्वच्छतागृहे, प्रवेशाची लॉबी आणि साउंडचे रॅक यांत ३० ते ३५ टक्के जागा जाते. ३,००० चौरस फुटांतून पाहुण्यांसाठी २,००० उरले असे धरा. नाचाच्या फ्लोअरवर माणशी ७ चौरस फूट आणि बसण्या-उभे राहण्याच्या भागात माणशी १५ चौरस फूट, हे अग्निसुरक्षेतले रूढ प्रमाण आहे. ७०० चौरस फुटांचा फ्लोअर १०० जणांचा, उरलेल्या १,३०० मध्ये ८६. म्हणजे एकूण १८६.

हा आकडा जागेच्या आकारावरून आला. जिने त्याहून कमी माणसे पेलत असतील तर तो खाली आणावाच लागतो, त्यासाठी प्रश्न ८ पाहा. आणि छताची उंची विसरू नका. बीमच्या खाली निदान १२ फूट मिळायला हवेत. एसीचे डक्ट, ध्वनिरोधक छत, स्प्रिंकलर आणि दिवे मिळून अडीच-तीन फूट खातात. ९ फुटी ऑफिसच्या गाळ्यात मग डोक्यावर हात नेला की दिव्याला लागतो.

३. ब्रोकर ‘५० टक्के लोडिंग’ म्हणतो, दुसरा ‘५० टक्के एफिशियन्सी’ म्हणतो. एकच ना?

नाही, आणि यातला फरक लाखांत जातो. ३,००० चौरस फूट कार्पेटवर ५० टक्के लोडिंग म्हणजे भाडे ४,५०० चौरस फुटांचे. ५० टक्के एफिशियन्सी म्हणजे ६,००० चौरस फुटांचे. दर २५० रुपये धरला तर पहिले भाडे महिना ११.२५ लाख, दुसरे १५ लाख. कार्पेटवर उतरवले तर ३७५ विरुद्ध ५००. जागांची तुलना नेहमी कार्पेटच्या दरानेच करा आणि कार्पेट स्वतः टेप लावून मोजा. पोटमाळा, बाहेरचा ओटला, झाकलेली मोकळी जागा हे सगळे मालकाच्या कार्पेटमध्ये हमखास मिसळलेले असते.

४. कोणत्या भागात शोधावे?

लोअर परळ-वरळीतील गिरण्यांची आवारे, वांद्रे-खार, अंधेरी पश्चिम, बीकेसी, आणि दक्षिणेत कुलाबा-फोर्ट. ग्राहक या पट्ट्यांत आधीच येतो. प्रत्येक ठिकाणची अडचण मात्र वेगळी आहे.

कुलाबा-फोर्टमध्ये वारसा इमारती आणि वारसा परिसर आहेत. पाटी, दर्शनी भाग, एसीचे बाहेरचे युनिट यांनाही वारसा समितीची मंजुरी लागू शकते. बॅलार्ड इस्टेटसारख्या भागात जमीन बंदर प्राधिकरणाची असते, त्यामुळे इमारतीच्या मालकाचा होकार पुरत नाही. बीकेसीत नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए आहे, मरोळच्या औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी. तिथे नकाशा आणि वापरबदलाचा अर्ज महापालिकेकडे नाही, त्यांच्याकडे जातो. वांद्रे-खारमध्ये बहुतेक जागांच्या डोक्यावर फ्लॅट आहेत (प्रश्न ७). लोअर परळमध्ये पावसाळ्यात पाणी कुठवर चढते ते शेजारच्या दुकानदारांना विचारा, जुलैमध्ये स्वतः जाऊन बघता आले तर आणखी बरे.

जागा पसंत पडली की शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री ११ ते २ या वेळात तिथे उभे राहा. टॅक्सी कुठे थांबते, व्हॅले गाड्या कुठे लावणार, आग लागली तर बंब कोणत्या बाजूने येणार, शेवटची लोकल गेल्यावर कर्मचारी घरी कसे जाणार, हे दिवसा कळत नाही. रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचाऱ्यांना त्यांच्या संमतीनेच कामावर ठेवता येते आणि त्यांना घरी सोडण्याची व्यवस्था तुमच्यावर असते. ती गाडीही खर्चात धरा.

५. टोकन देण्याआधी मालकाकडून कोणते कागद मागायचे?

मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र सर्वांत आधी. नकाशावर त्या गाळ्यासमोर काय वापर लिहिलाय ते वाचा : दुकान, ऑफिस, उपाहारगृह, गोदाम की सेवा उद्योग. मग नकाशा हातात धरून जागेवर फिरा. नकाशात नसलेली भिंत, बुजवलेली खिडकी, झाकलेला चौक, जिन्याखालची खोली, जे दिसेल ते लिहून काढा.

त्यानंतर प्रॉपर्टी कार्ड, मालमत्ता कराचे चालू देयक (त्यावरही वापराचा प्रकार असतो), इमारतीचे अग्निशमन प्रमाणपत्र आणि ताजा ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार हा फॉर्म परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. मालक तो दाखवू शकत नसेल तर इमारतीतले पंप आणि हायड्रंट बंद आहेत असे धरूनच पुढची पाहणी करा. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खालील संरचनात्मक स्थिरतेचे प्रमाणपत्रही मागा.

आणखी एक फेरी विभाग कार्यालयात मारा. इमारत व कारखाने खात्यात त्या पत्त्यावर बेकायदा बांधकामाची नोटीस (महापालिका अधिनियमाचे कलम ३५१ किंवा एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचे कलम ५३) प्रलंबित आहे का ते पाहा. ही नोटीस मालक स्वतःहून सांगत नाही. तुमचे इंटिरिअर पूर्ण झाल्यावर पाडकामाचे पथक येते ते याच नोटिशीवर.

६. जवळ शाळा आणि मंदिर आहे. परमिट रूम मिळेल का?

मद्य परवान्याच्या नियमांत शैक्षणिक संस्था, धार्मिक संस्था, एसटीचे स्थानक यांपासून किमान अंतर ठरवलेले आहे. गोंधळ होतो तो मोजणीत. गूगल नकाशावरची सरळ रेषा इथे चालत नाही. माणूस ज्या वाटेने चालत जाईल ती वाट दारापासून दारापर्यंत मोजली जाते, आणि मोजतो उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक. प्रवेशद्वार इमारतीच्या दुसऱ्या बाजूला असेल तर निकाल बदलू शकतो. त्याच जागेचे दार उद्या हलवले तरी बदलू शकतो.

कोपऱ्यावरची प्रत्येक देवळी धार्मिक संस्था ठरत नाही, नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची असणे हा मुख्य निकष आहे. खासगी कोचिंग क्लासही शाळा ठरत नाही. तरी अंदाजावर करार करू नका. परवानाधारक मोजणीदाराकडून नकाशा काढून घ्या, निरीक्षकाला दाखवा, आणि करारात प्रश्न १४ मधली अट घाला.

७. खाली दुकाने आणि वर फ्लॅट असलेली इमारत चालेल का?

आमचा सल्ला : नको. सोसायटीची एनओसी मिळवणे कठीण असते, आणि मिळाली तरी पुढच्या कार्यकारिणीला शेजार नको असतो. खरा पेच तांत्रिक आहे. गाण्याचा बास, म्हणजे ४० ते १०० हर्ट्झचा आवाज, हवेपेक्षा स्लॅब आणि कॉलममधून वर चढतो. चौथ्या मजल्यावरच्या पलंगाला तो जाणवतो, मग खाली कितीही जाड पडदे लावा. वर झोपलेल्या कुटुंबाची तक्रार रास्त असते आणि पोलीस ती घेतातच.

इमारत पूर्ण व्यापारी असून शेजारी निवासी इमारत असेल तर वाट आहे. ती प्रश्न ९ मध्ये.

८. दारे आणि जिने किती रुंद हवेत? दुसरा जिना खरंच लागतो का?

लागतो. या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जण गेले. बरेचसे स्वच्छतागृहाकडे पळाले आणि तिथेच गुदमरले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचा जीव गेला. मृतांत बहुतेक तिथे काम करणारे होते, आणि अरुंद वाटेमुळे बंब दूर उभे करावे लागले. अंधारात, धुरात, अनोळखी जागेत माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो, आणि ते बंद असेल तर जे पहिले उघडे दार दिसेल त्यात शिरतो. जागा निवडताना डोळ्यांपुढे हे ठेवायला हवे.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार नाइटक्लब ‘जमाव’ गटात येतो. जिन्यासाठी माणशी १० मिलिमीटर रुंदी, सपाट मार्ग आणि दारांसाठी माणशी ६.५ मिलिमीटर. दीड मीटरचे दोन जिने मिळून ३,००० मिलिमीटर, म्हणजे ३०० माणसे. १.२ मीटरचा एकच जिना असेल तर गणित १२० वर थांबते, आणि एकच जिना ही मुळातच नापास होण्याची गोष्ट आहे. दाराकडे जाताना चालावे लागणारे अंतर ३० मीटरांच्या आत हवे आणि पुढे वाट नसलेला बोळ ६ मीटरांहून लांब नको.

जागा पाहताना तपासा : दोन्ही जिने एकमेकांपासून लांब आहेत का, दुसऱ्या जिन्यात शेजाऱ्याचे सामान किंवा कुलूप आहे का, तो थेट रस्त्यावर सुटतो की कुणाच्या गोदामात, दार बाहेरच्या बाजूला उघडते का. लिफ्ट सुटकेचा मार्ग धरली जात नाही. स्वच्छतागृहे बोळाच्या टोकाला असतील तर त्यांच्याजवळून बाहेर पडायची वाट काढता येते का ते वास्तुविशारदाला विचारा. काढता येत नसेल तर दुसरी जागा शोधा.

९. रात्री १० नंतर गाणी वाजवता येतात का? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जागेत काय बघायचे?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण बंदिस्त जागेच्या आत सूट आहे. ही सूट आवाजाच्या पातळीला लागू नाही. रात्रीची मर्यादा व्यापारी भागात ५५ डेसिबल, निवासी भागात ४५, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ४०. आत फ्लोअरवर ९५ ते १०५ असतात. म्हणजे जवळपास ५० डेसिबल भिंतीने गिळायचे.

ते वजनाने आणि मोकळ्या पोकळीने होते, फोमने नाही. भिंतीवर चिकटवलेला फोम आतला प्रतिध्वनी कमी करतो, बाहेर जाणारा बास नाही, शिवाय स्वस्त फोम पेट घेतो. खोलीच्या आत खोली, स्प्रिंगवर टांगलेले छत, रबरावर तरंगती जमीन आणि दोन दारांमधली लॉबी एवढे करावे लागते. तेव्हा जागेत दर्शनी काच कमी असणे, भिंती विटांच्या असणे आणि प्रश्न २ मधली उंची मिळणे आवश्यक आहे. पत्र्याच्या छपराची शेड ध्वनिरोधक करायला इतका खर्च येतो की स्वस्त भाड्याचा फायदा संपतो.

करारापूर्वी एक चाचणी करा. भाड्याचे दोन सबवूफर आणा, ५०-६० हर्ट्झचा सलग सूर वाजवा आणि रात्री ११ नंतर सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीशी मोजा. मीटर ए आणि सी दोन्ही मापांवर लावा. ए मापात बास फार कमी दिसतो, झोपलेल्या माणसाला मात्र तोच जागवतो.

१०. ऑफिसच्या मजल्यावर डान्स फ्लोअर करता येतो का?

स्लॅबवर अवलंबून आहे. भारतीय मानकांत ऑफिससाठी प्रति चौरस मीटर २.५ ते ४ किलोन्यूटन भार धरतात. स्थिर खुर्च्या नसलेल्या जमावासाठी ५, म्हणजे साधारण ५०० किलो. त्यावर ध्वनिरोधक जमिनीचे वजन वेगळे. संरचना अभियंत्याचे लेखी प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पुढे जाऊ नका. तळमजला इथे नेहमी जिंकतो.

११. वीज आणि एसी किती लागतील?

नाचणारा माणूस साधारण २५० वॅट उष्णता सोडतो. १८६ जणांची उष्णता ४६ किलोवॅट, म्हणजे नुसत्या माणसांसाठी १३ टन. मुंबईच्या दमट हवेत बाहेरची ताजी हवा थंड करणे, दिवे, अ‍ॅम्प्लिफायर मिळवले की ३० ते ३५ टनांवर जाते. स्वयंपाकघर, फ्रीज आणि साउंड धरून मंजूर भार १०० ते ११० किलोवॅट लागेल. गाळ्याला सध्या किती आहे ते बिलावर छापलेले असते, ऑफिसच्या गाळ्याला तो सहसा याच्या आसपासही नसतो.

भार वाढवायचा तर शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. इमारतीचे उपकेंद्र भरले असेल तर नव्या ट्रान्सफॉर्मरला जागा मागतात, आणि ती मालकाने द्यायची की सोसायटीने यावर महिने जातात. जनरेटर आणि एसीचे बाहेरचे युनिट कुठे बसणार, स्वयंपाकघराचा धूर गच्चीपर्यंत नेणारा डक्ट कोणत्या शाफ्टमधून जाणार, हेही आत्ताच लेखी घ्या.

१२. गच्ची, तळघर, पोटमाळा किंवा समोरची मोकळी जागा वापरता येईल का?

गच्ची : मुंबईत २०१७ च्या धोरणापासून बिगरनिवासी इमारतींच्या गच्चीवर उपाहारगृहाला वाट मिळाली, पण कायमचे छप्पर आणि तिथे स्वयंपाक चालत नाही. उघड्या गच्चीला प्रश्न ९ मधली बंदिस्त जागेची सूट नाही. १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. त्यामुळे गच्चीवर जेवण होऊ शकते, नाइटक्लब नाही. पावसाळी शेडची परवानगी हंगामापुरती असते, ती पक्की करून आत डीजे बसवणे हा पाडकामाकडचा सरळ रस्ता आहे.

तळघर : मंजूर नकाशात बहुधा पार्किंग, साठवण किंवा यंत्रसामग्री लिहिलेली असते. तिथे पाहुणे बसवता येत नाहीत. धूर वर चढतो, माणसेही वरच पळतात, दोघांची वाट एकच.

पोटमाळा : नकाशात असेल तेवढाच. समोरची मोकळी जागा : अग्निशमन गाडीची वाट असते. उत्पादन शुल्क विभागाच्या नकाशातल्या रेषेबाहेर मद्य दिले तर तो परवान्याचा भंग ठरतो.

१३. बंद पडलेला पब परवान्यासकट मिळतोय. नवी जागा शोधण्यापेक्षा हे सोपे नाही का?

कधी कधी. आधी माहीत करून घ्या की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू वर्षाचे (१ एप्रिल ते ३१ मार्च) शुल्क भरलेय का. हस्तांतरणाला विभागाची मंजुरी आणि शुल्क लागते. परवानाधारकाशी ‘झोपलेली भागीदारी’ दाखवून धंदा चालवण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे, कारण गुन्हा झाला तर तुमचा हक्क कागदावर कुठेच नसतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एफएल-३ परवाना कराराने दुसऱ्याला चालवायला देण्याची मुभा मान्य केली, त्यासाठी वार्षिक शुल्काच्या १० टक्के जादा भरावे लागतात. तो मार्ग स्वच्छ आहे.

थकबाकी जागेला चिकटते : वीजबिल, मालमत्ता कर, कधी कामगारांची देणी. आणि पब का बंद पडला ते शेजाऱ्यांना विचारा. तक्रारींमुळे बंद पडला असेल तर त्या तक्रारी तुमचीच वाट पाहत आहेत.

१४. करारात कोणत्या अटी घालायच्या?

मुंबईत बहुधा ६० महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. त्याची नोंदणी सक्तीची आहे. मुद्रांक ०.२५ टक्के, एकूण भाडे आणि परताव्याच्या डिपॉझिटवरचे १० टक्के वार्षिक मानीव व्याज यांवर. ११.२५ लाख भाडे, सहा महिन्यांचे डिपॉझिट, वाढ न धरता : ६.७५ कोटी अधिक ३३.७५ लाख, त्यावर सुमारे १.७७ लाख रुपये.

खरा फटका जीएसटीचा. भाड्यावर १८ टक्के, म्हणजे महिना २,०२,५०० रुपये. उपाहारगृह ५ टक्क्यांच्या दरात असेल तर या कराची वजावट मिळत नाही, आणि मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. म्हणून जीएसटी धरूनच भाडे परवडते का ते बघा.

अटींमध्ये : भाडे ताबा मिळाल्यापासून नाही, एफएल-३ आणि करमणूक परवाना मिळाल्यापासून सुरू व्हावे. मालक हे पूर्ण मानत नाहीत. निदान तीन-चार महिने बिनभाड्याचे आणि त्यानंतर निम्मे भाडे एवढे तरी मिळवा. परवाना जागेच्या दोषामुळे नाकारला गेला तर डिपॉझिट पूर्ण परत आणि लॉक-इन (ठरलेल्या काळात करार न मोडण्याचे बंधन) रद्द. लॉक-इन मालकालाही बांधणारा हवा. अर्जांवर मालकाच्या सह्या किती दिवसांत मिळतील तेही लिहा.

१५. गिरणीच्या आवारात किंवा आयटी इमारतीत जागा स्वस्त मिळतेय. काही गोम?

बहुधा वापराची. आयटीसाठी जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, घेऊन बांधलेल्या इमारतीत पूरक सेवांचा वाटा ठरलेला असतो. तो आधीच्या उपाहारगृहांनी संपवला असेल तर तुमच्या गाळ्याला वापरबदल मिळणार नाही, शेजारी तीन पब चालू दिसले तरी. शेजाऱ्याचा परवाना हा तुमच्या जागेचा पुरावा नाही. औद्योगिक गाळ्यालाही हेच लागू. इमारत प्रस्ताव विभागाकडून वापरबदल शक्य असल्याचे लेखी मत वास्तुविशारदामार्फत घ्या.

१६. पुण्यात हेच नियम आहेत का?

मद्य, ध्वनी, आग यांचे कायदे तेच. बांधकामासाठी २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर वयाची तपासणी कडक झाली. बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही अट राज्यभर आहे. प्रवेशद्वाराशी ओळखपत्र पाहायला रांगेची जागा हवी, ती फुटपाथवर धरू नका.

१७. २४ तास दुकाने उघडी ठेवायची परवानगी आहे, मग क्लब पहाटेपर्यंत चालेल ना?

नाही. २०१७ च्या दुकाने अधिनियमाखालील २४ तासांची मुभा मद्य देणाऱ्या आस्थापनांना नाही. जानेवारी २०२० च्या मुंबईच्या रात्रीच्या धोरणातही ती नव्हती, आणि १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयानेही तेच स्पष्ट केले. परमिट रूम रात्री दीडला बंद. मोठ्या तारांकित हॉटेलांना जादा वेळ मिळतो, म्हणून हॉटेलमधल्या जागेचे भाडे महाग असते आणि काही वेळा तरीही परवडते. भाड्याचा हिशेब आठवड्यातल्या तीन रात्री, रोज साडेदहा ते दीड एवढ्याच कमाईवर मांडा.

१८. जागा महामार्गालगत आहे. मद्यबंदीचा निकाल लागू होतो का?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांत मद्यविक्रीला मनाई केली. जुलै २०१७ मध्ये महापालिका हद्दीतील परवानाधारक आस्थापनांना ती लागू नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या हद्दीत प्रश्न सहसा येत नाही. हद्दीच्या टोकावर, घोडबंदर किंवा पनवेलकडे, गाळ्याचा सर्व्हे नंबर महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत ते सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर पाहा. रस्त्याच्या एका बाजूला एक उत्तर आणि दुसऱ्या बाजूला दुसरे, असे तिथे होऊ शकते.